येणाऱ्या बाळाच्या वतीने कोण बोलणार? राष्ट्रीय एआरटी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळ,
नवी दिल्ली

प्रत: महाराष्ट्र राज्य मंडळ

विषय: आजारी भावंडाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची आनुवंशिक ओळखखूण) जुळणारं भ्रूण निवडण्याबाबत लेखी नियम करणे

महोदय,

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साठत जातं, ते काढायला रोज औषध घ्यावं लागतं. देशात अशी दहा ते बारा हजार बाळं दरवर्षी जन्माला येतात. यातून कायमचं सुटण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एचएलए पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा. मूल लहान असेल, यकृत चांगलं असेल, लोहाचं औषध नियमित झालं असेल, तर अशा प्रत्यारोपणानंतर दहापैकी साधारण नऊ मुलं आजारमुक्त होतात.

ज्यांच्या घरात जुळणारं भावंड नाही, ते आई-बाप आता एक वेगळा प्रश्न घेऊन येतात: आयव्हीएफ करून, भ्रूण तपासून, आजार नसलेलं आणि मोठ्याशी जुळणारं बाळ जन्माला घालता येईल का? येतं. अहमदाबादेत २०१८ साली जन्मलेल्या अशा मुलीची मज्जा मार्च २०२० मध्ये तिच्या भावाला दिली गेली आणि देशातलं असं पहिलं उदाहरण म्हणून ते गाजलं. तेव्हापासून विचारणा वाढली आहे. एचएलए जुळणीसाठी लेखी नियम मात्र अजून नाही.

आम्ही जनुकीय समुपदेशन, भ्रूणतपासणी आणि मुलांच्या रक्तविकारांच्या उपचारात काम करणारी माणसं आहोत. या फाइली आमच्या टेबलावरून जातात. हे पत्र बंदी मागण्यासाठी नाही. ही सोय राहावी असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणूनच ती ज्या मोकळ्या रानात सोडली आहे ते आम्हाला मान्य नाही. आजारी मुलाच्या बाजूने आई-बाप असतात, रक्तविकारतज्ज्ञ असतो, गोळा होणारी देणगी असते. आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्याच्या बाजूने क्लिनिक असतं. जे बाळ अजून जन्मायचं आहे आणि ज्याच्या कमरेच्या हाडात पुढे सुई जाणार आहे, त्याच्या बाजूने फाइलवर एकाचीही सही लागत नाही.

आधी कायद्याची बाब, कारण ती तुमच्या हातात आहे. २०२१ च्या एआरटी कायद्याचं कलम २५ म्हणतं की भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी करावी. आणखी अटी घालण्याचा अधिकार त्याच कलमाने तुम्हाला दिला आहे. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिवड रोखणाऱ्या कायद्यात तपासणी कशासाठी करता येईल त्याची यादी आहे: गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, हिमोग्लोबिनचे विकार, लिंगाशी निगडित आजार, जन्मजात व्यंगं. एचएलए जुळणी हा आजार नाही. ती या दोन्हींपैकी कुठल्याच मजकुरात बसत नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमध्ये भ्रूणालाच आजाराचा धोका असतो, म्हणून तपासणी कायदेशीर ठरते आणि एचएलए तिच्या पाठीवर बसून आत येतं. पण ॲप्लास्टिक ॲनिमिया (मज्जेत रक्तपेशी बनणंच थांबतं तो आजार) झालेल्या मुलाचं काय? तिथे आजार बहुतेक वेळा आई-बापाकडून आलेला नसतो, म्हणजे येणाऱ्या भ्रूणाला धोका नाही आणि तपासणीला कायद्याचा आधारही नाही. एक क्लिनिक ‘नाही’ म्हणतं, दुसरं ‘बघू’ म्हणतं. आई-बाप ‘बघू’ म्हणणाऱ्याकडे जातात.

ब्रिटन याच प्रश्नावर अडखळलं होतं. तिथल्या नियामक संस्थेने २००१ च्या अखेरीस थॅलेसेमियाच्या एका कुटुंबाला तत्त्वतः परवानगी दिली आणि २००२ मध्ये डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या लाल पेशी न बनण्याच्या दुर्मीळ आजाराच्या कुटुंबाला नाकारली, कारण दुसऱ्या प्रकरणात भ्रूणाला स्वतःला धोका नव्हता. ते कुटुंब शिकागोला गेलं. २००४ मध्ये संस्थेने धोरण बदललं, २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) अशी परवानगी कायद्यात बसते असा निर्णय दिला, आणि २००८ च्या कायद्यात ते स्पष्ट शब्दांत आलं: भावंडाचा आजार गंभीर हवा, नाळेचं रक्त, मज्जा किंवा अन्य ऊतींनी उपचार होण्याजोगा हवा, आणि या ‘अन्य ऊतीं’मध्ये अखंड अवयव येत नाही. शेवटची अट फार मोलाची आहे, तिच्याकडे पुढे येतोच. सात वर्षं चुकत, भांडत, कोर्टात जात त्यांनी ते लिहून काढलं. आपल्याला ते सगळं आयतं समोर आहे.

आता आकड्यांची तक्रार. ‘चारात एक जुळतो’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते अर्धंच खरं आहे. एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. आई-बाप दोघंही थॅलेसेमिया मायनर (एकच दोषी जनुक असलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तर भ्रूण मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, एक सहाव्या आणि एक अकराव्या, म्हणून शक्यतांचा गुणाकार होतो: सोळात तीन, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्याही किंचित खाली. समजा एका सायकलमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्या एका फेरीत, दहा पक्व स्त्रीबीजं मिळाली, सात फलित झाली आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चार भ्रूण बायोप्सीच्या, म्हणजे पेशी काढून तपासण्याच्या, लायकीचे उरले. या चारांत एकही उपयोगाचं नसण्याची शक्यता ४४ टक्के आहे. उरलेल्या ५६ टक्क्यांत एखादं मिळालं तरी गर्भाशयात सोडलेलं प्रत्येक भ्रूण रुजत नाही. निम्मी रुजतात असं धरलं तरी एका सायकलमधून बाळ हाती येण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आतबाहेर राहते. हा हिशेब पस्तिशीच्या आतल्या बाईचा. चाळिशीकडे झुकलेल्या आईची मिळणारी स्त्रीबीजं आणि रुजणारी भ्रूणं दोन्ही कमी असतात. ब्रिटनमधल्या ज्या थॅलेसेमियाच्या कुटुंबाला परवानगी मिळाली, त्यांना अनेक प्रयत्नांनंतरही जुळणारं बाळ झालं नाही. हे आकडे संमतिपत्रावर आईच्या वयाप्रमाणे छापलेले असावेत, इतकी साधी गोष्ट आज सक्तीची नाही.

वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. आई, बाप आणि आजारी मूल यांच्या रक्तावरून त्या कुटुंबापुरती चाचणी बसवायला दोन-तीन महिने. मग इंजेक्शनं, स्त्रीबीज काढणं, भ्रूण गोठवणं, अहवाल, पुढच्या पाळीत भ्रूण सोडणं. मग नऊ महिने. मग बाळ दहा-बारा किलोचं होईपर्यंत वाट पाहणं. अहमदाबादच्या प्रकरणात त्याला सोळा ते अठरा महिने लागले. पहिल्याच फेरीत सगळं जमलं तरी अडीच ते तीन वर्षं. सहा वर्षांच्या मुलासाठी आज सुरुवात केली तर प्रत्यारोपणाच्या वेळी ते नऊ वर्षांचं असेल, आणि मधल्या काळात लोहाचं औषध ढिलं पडलं असेल तर यकृतावर वण आलेले असतील. प्रत्यारोपणाचा धोका त्यानेच वाढतो. रक्ताचा कर्करोग उलटलेल्या मुलासाठी हा मार्ग बहुतेक वेळा निरुपयोगी आहे, कारण तिथे अडीच वर्षं हातात नसतात. असं असताना सुरुवातीलाच, आयव्हीएफ क्लिनिकशी संबंध नसलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञाने ‘या मुलाकडे एवढा वेळ आहे’ असं लिहून द्यायला नको का? त्याच कागदावर हेही यावं की घरातल्या सगळ्या सख्ख्या भावंडांचं एचएलए तपासून झालं, दात्यांच्या नोंदणीत शोध झाला, आणि आई किंवा बापाच्या अर्ध्या जुळणाऱ्या मज्जेचा विचार झाला. मोठ्या भावाचं एचएलए तपासायचंच राहून गेलं आणि आयव्हीएफ सुरू झालं, असं होता कामा नये.

प्रयोगशाळेत काय चुकतं तेही मंडळाने समजून घ्यावं. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्यातून पुढे वार तयार होते, पाच ते दहा पेशी काढतात. एवढ्याशा डीएनएच्या लाखो प्रती काढताना कधी जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक वाढतच नाही. मग मायनर भ्रूण निरोगी दिसतं किंवा, जास्त वाईट म्हणजे, मेजर भ्रूण मायनर दिसतं. म्हणून फक्त दोषाची जागा वाचून भागत नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुणाही वाचाव्या लागतात. एचएलएचा भाग लांबलचक आहे, मधेच अदलाबदल होऊ शकते, म्हणून तिथेही खुणा भरपूर लागतात. बाहेरून एखादी पेशी मिसळली तर सगळंच फसतं. फलनासाठी इक्सीच (एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडणं) वापरावं लागतं ते यासाठी. एवढं करूनही गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेची किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करून निदान पक्कं करावं लागतं. ही तपासणी थॅलेसेमियासाठी असावी. ‘एचएलए जुळत नाही’ एवढ्या कारणासाठी गर्भपात होणार नाही, हे आधीच लेखी ठरलेलं असावं. आज ते कुठेच लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सर्रास चुकते. आजार नसलेल्या भ्रूणांपैकी दोन-तृतीयांश मायनर असतात. मायनर भावंडाची मज्जा चालते. तरीही ‘पूर्ण नॉर्मल’ हवं म्हणून मायनर भ्रूण बाजूला ठेवली जातात आणि आधीच तुटपुंजी असलेली शक्यता आपल्या हाताने तिसऱ्या हिश्श्यावर आणली जाते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं, त्या बाळाकडे येतो.

त्याचं पहिलं नुकसान जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात होऊ शकतं. नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, त्याने बाळाला स्वतःचं रक्त आणि लोह मिळतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. नाळेचं रक्त गोळा करायचं तर नाळ जितकी लवकर बांधाल तितकं रक्त पिशवीत जास्त येतं. प्रसूतिगृहात त्या क्षणी भावाचा डोस आणि बाळाचं रक्त एकमेकांसमोर उभे असतात आणि निर्णय चिमटा हातात असलेल्या माणसाचा असतो. नियम एका ओळीचा आहे: बाळाच्या वाट्याचं मिनिट बाळाचं, पिशवीत येईल ते नंतरचं.

नाळेच्या रक्तातून रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण तीन कोटी पेशी लागतात. वीस किलोच्या मुलाला त्या पुरूही शकतात, पस्तीस किलोच्या मुलाला बहुधा नाही. शिवाय फक्त नाळेच्या रक्तावर भिस्त ठेवली तर पेशी रुजायला वेळ लागतो. म्हणून मग मज्जा. पूर्ण भूल देऊन, पालथं झोपवून, कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुईने पुन्हा पुन्हा थोडी थोडी मज्जा ओढतात. दात्याच्या दर किलोमागे वीस मिलिलिटर ही वरची मर्यादा मानली जाते. दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं आठशे मिलिलिटरच्या आसपास. त्यातून दोनशे काढायचं, म्हणजे चौथा हिस्सा. बाळ मायनर असेल तर त्याचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं, त्याला स्वतःलाच रक्त चढवावं लागू शकतं. ही मर्यादा ओलांडण्याचा मोह कुठे होतो? मोठं मूल तीस किलोचं झालेलं असतं, पेशी कमी पडत असतात, आणि भूल दिलेलीच असते तेव्हा. त्या टेबलाशी बाळाचा म्हणून एक वेगळा बालरोगतज्ज्ञ उभा असावा, ज्याला ‘बस्स’ म्हणायचा अधिकार असेल आणि जो रुग्णाच्या टीममधला नसेल.

एकदा दिल्यावर संपत नाही. प्रत्यारोपण फसलं तर पुन्हा मज्जा मागतात. कधी नंतर पांढऱ्या पेशी मागतात. दहा वर्षांनी लोहाने यकृत खराब झालं तर ‘जुळणारं भावंड घरातच आहे की’ हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघेल. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने अल्पवयीन दात्यावर बंधन घातलं, पण अशा हेतूने निवडून जन्माला घातलेल्या मुलाचा विचार त्यात नाही. तो इथे, भ्रूण निवडण्याच्या परवानगीतच व्हायला हवा: मज्जा किती वेळा, कोणत्या वयात, आणि अखंड अवयव सज्ञान होईपर्यंत कदापि नाही.

‘सुट्या भागांसाठी मूल’ ही टीका आम्ही ऐकतो. ती आम्हाला अन्यायाची वाटते. आपल्याकडे वंशाला दिवा हवा म्हणून, म्हातारपणाची काठी हवी म्हणून, पहिल्याला सोबत हवी म्हणून मुलं होतात. त्या आई-बापांना कोणी हेतू विचारत नाही. आजारी लेकरासाठी दुसरं लेकरू मागणारे आई-बाप त्याच्यावर कमी माया करतील असं मानायला काही आधार नाही. आमची काळजी हेतूची नाही. एकाच आई-बापाने दोन मुलांच्या वतीने सही करायची आहे आणि त्यातलं एक मरणाच्या दारात आहे, ही आमची काळजी आहे. अशा वेळी जगातले सगळ्यात प्रेमळ आई-बापही तटस्थ राहू शकत नाहीत, आणि तशी अपेक्षा करणं क्रूर आहे.

आईबद्दलही. इंजेक्शनं तिच्या पोटात जातात, अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका तिला असतो, आणि चौथी सायकल नको म्हटलं तर ‘पोरासाठी एवढंही करवत नाही?’ हे तिलाच ऐकावं लागतं. तिच्याशी नवरा, सासू-सासरे खोलीबाहेर ठेवून बोलणारा समुपदेशक नियमाने हवा, आणि किती सायकलनंतर थांबायचं तो आकडा पहिल्या सायकलआधी कागदावर यायला हवा. निरोगी पण न जुळणारी भ्रूणं उरली तर काय करायचं, हेही तेव्हाच ठरावं. कायद्याप्रमाणे ती दहा वर्षं ठेवता येतात, पण दहा वर्षं निर्णय पुढे ढकलणं हा निर्णय नव्हे.

आणि लिंगनिवड. भावाला बहिणीची मज्जा दिली तर जीव्हीएचडीचा (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा) धोका थोडा वाढतो, असं प्रौढांच्या प्रत्यारोपणात दिसतं, मुख्यतः बाळंतपणं झालेल्या दात्यांमुळे. दीड वर्षाच्या मुलीला ते लागू नाही. पण हे अर्धं वाक्य ‘वैद्यकीय कारण’ म्हणून पुढे करून मुलगा मागण्याची वाट महाराष्ट्रात कोणी शोधणार नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एचएलए अहवालात एक्स-वायची माहिती झाकलेली असावी आणि ती उघडणं हा पीसीपीएनडीटीखालचा गुन्हा आहे हे अहवालावरच छापावं.

आमच्या मागण्या:

१. कलम २५ खालचा अधिकार वापरून एचएलए जुळणीसाठी लेखी नियम करा. कोणते आजार चालतील, भ्रूणाला स्वतःला धोका नसतानाही परवानगी मिळेल का, हे त्यात स्पष्ट असावं. पीसीपीएनडीटीच्या केंद्रीय मंडळाचं अध्यक्षपदही केंद्रीय आरोग्यमंत्र्यांकडेच आहे. दोन्हीकडे एकच मजकूर लागू करायला अडचण नसावी.

२. प्रत्येक प्रकरण राज्य पातळीवरच्या छोट्या समितीने पाहावं: प्रत्यारोपणतज्ज्ञ, जनुकीय समुपदेशक, आणि केवळ येणाऱ्या बाळाच्या हिताचं बोलणारा बालरोगतज्ज्ञ. तीस दिवसांत उत्तर द्यावं. या मुलांना वेळ नसतो, म्हणून मुदत नसलेली समिती आम्हाला नको.

३. मज्जेची मर्यादा, नाळ बांधण्याचं मिनिट, दात्याचा स्वतंत्र डॉक्टर आणि अखंड अवयवाची मनाई परवानगीच्या अटींत घाला.

४. दाता बालकाची तपासणी आणि समुपदेशन ते अठरा वर्षांचं होईपर्यंत मोफत करा. भाऊ वाचला नाही तर त्याची जास्त गरज लागेल. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून रुग्णाच्या प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. त्या लहान दात्यासाठीही त्यात एक रकाना असू द्या.

५. प्रत्येक क्लिनिकने किती सायकल केल्या, किती भ्रूण तपासली, किती बाळं झाली, किती प्रत्यारोपणं यशस्वी झाली, हे नावं वगळून दरवर्षी प्रसिद्ध करण्याची सक्ती करा.

६. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच एचबीएटू (थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ताची तपासणी) सगळीकडे करा. ते साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही तपासणी. हे तुमच्या मंडळाच्या कक्षेत येत नाही, तुमच्या अध्यक्षांच्या खात्याच्या कक्षेत येतं.

संमतिपत्राचा मराठी मसुदा, वयाप्रमाणे शक्यतांचा तक्ता आणि दात्याच्या वजनाप्रमाणे मज्जेच्या मर्यादेचा तक्ता आम्ही तयार करून देऊ. हा विषय मंडळाच्या कोणत्या बैठकीत येणार, ते कळवावं.

आपले,
जनुकीय समुपदेशन, भ्रूणतपासणी व बालरक्तविकार उपचारात काम करणारे